गादीखालचा जॅक

आवाज लोकांच्या कानाला नंतर लागला. कोंडाजीला त्याच्या आधीच कळले होते. मागचे डावे चाक. बसायच्या आधी म्हैस जसा एक गुडघा टेकते तशी गाडी त्या अंगाने चार बोटे खाली गेली, आणि मग फुस्स करून चाकाने जीव सोडला. कोंडाजीचा पाय आपोआप बाहेर निघाला. अकरा वर्षांची सवय. चाक बसले की पायाने उडी मारायची, हाताने मागची गादी उचलायची, पाठीने जमीन धरायची. यात डोक्याला कोणी विचारत नसे. पण आज कोंडाजी नेहमीच्या डाव्या जागेवर नव्हता. तो उजव्या अंगाला, चक्राच्या मागे बसला होता. अंगात पितळी बटणांचा पांढरा कोट, डोक्यावर चोचीची टोपी. नैवेद्याच्या ताटाकडे गेलेला पोराचा हात आई जसा मागे ओढते तसा त्याने आपला पाय मागे ओढून घेतला आणि ताठ बसून राहिला.

"काय झालं, भावजी?" रावजीने विचारले. रावजी हा त्याचा मेहुणा. तो आत बसला नव्हता. गाव बघेल अशा बेताने उजव्या पायरीवर, कोंडाजीच्या कानाशी उभा होता.

"काय न्हाय," कोंडाजी म्हणाला. ड्रायव्हर असेच म्हणतो. शेठचे ड्रायव्हर हमीदमियाँ अकरा वर्षे असेच म्हणत आले होते. शेठ मागून विचारायचे, हमीदमियाँ 'कुछ नहीं' म्हणायचे आणि मान न वळवता डाव्या अंगाला एक बोट हलवायचे, की कोंडाजी खाली. आता कोंडाजीने मान न वळवता बोट हलवले. डाव्या अंगाला काहीच घडले नाही. त्याने पुन्हा हलवले. डाव्या जागेवर हमीदमियाँ बसले होते, कोंडाजीचा निळा तेलकट सदरा घालून, पान चघळत. त्यांनी त्या बोटाकडे पाहिले, मग बोट जिकडे गेले तिकडे पाहिले. तिकडे खाजणात एक बगळा उभा होता.

"हां," हमीदमियाँ म्हणाले, "बगला हाय."

कोंडाजीच्या टोपीखाली घाम सुटला. टोपी. सगळ्याची सुरुवात टोपीनेच झाली होती. लग्नाआधी तो पहिल्यांदा बेलखारला मुलगी बघायला आला तेव्हा हमीदमियाँनी आपली जुनी टोपी त्याला दिली होती, उन्हासाठी म्हणून. होडीतून उतरताना त्याने ती डोक्यावर चढवली. वाटेत कोणीतरी म्हणाले, ड्रायव्हर दिसतोय. कोंडाजीने हो म्हटले नाही. नाहीही म्हटले नाही. तो नुसता ऊन लागते अशा चेहऱ्याने चालत राहिला, आणि तो सासूच्या ओटीवर पोचण्याआधी ड्रायव्हर तिथे पोचला होता. पोह्याची बशी पुढे आली तीसुद्धा ड्रायव्हरसाठीच. चांगली वाटीभर ओले खोबरे घातलेली. त्यावेळी खरे सांगायचे तर आधी पोहे परत करावे लागले असते. तेव्हापासून नऊ वर्षे तो वर्षातून दोनदा ड्रायव्हर होई, एकदा शिमग्याला आणि एकदा गणपतीत, आणि उरलेले वर्षभर मुंबईत शेठच्या दारात गाडी पुसे, टायर बदले, पेट्रोलच्या डब्यातून धोतरावर उडालेले डाग घासे. काशी मात्र बेलखारलाच, आईजवळ राहिली. तिला मुंबईला नेले असते तर तिने पहिल्याच सकाळी गॅलरीतून बादली आणि फडके घेतलेला नवरा पाहिला असता. म्हणून दर वर्षी काही ना काही निघे. खोली लहान, पाणी वाईट, चाळीत उंदीर. यंदा मात्र कोंडाजीलाच राहवेना. त्याने खोलीला स्वतः चुना मारला होता आणि भिंतीत आपल्या खुंटीशेजारी दुसरी खुंटी ठोकली होती. त्या रिकाम्या खुंटीकडे बघत जेवणे त्याला जमत नव्हते.

आणि नेमका तेव्हाच रावजीने घोळ घातला. चैत्रात तो मुंबईला गेला होता. परत येऊन ठमाबाईला, म्हणजे आपल्या आईला आणि कोंडाजीच्या सासूला, त्याने सांगितले की रस्त्यापलीकडून एक माणूस गाडी पुसताना पाहिला, पाठमोरा, आणि पाठ भावजींची होती. ठमाबाईने ते ऐकून घेतले आणि भर विहिरीवर जाहीर केले, "पोर मुंबईला धाडीन ती डायवरच्या घरी. पुसणाऱ्याच्या न्हाय. गाडी हाकताना माझ्या डोळ्यांनी बघीन, मंग ट्रंक उचला." काशीची ट्रंक दिवाळीपासून भरलेली होती. उचलायला कोणी येत नव्हते.

माघात शेठ हवापालटाला अलिबागला आले आणि गाडीही तराफ्यावरून धरमतरला उतरली, तेव्हा कोंडाजीला वाटले की देवानेच गाडी पाठवली. आज शेठची आत्या बारा वाजता धरमतरच्या बंदरात बोटीने उतरणार होती. तिला आणायला गाडी सकाळीच निघाली. मध्ये तीन तास मोकळे होते आणि बेलखार वाटेवरून जरासेच आत. पोयनाडच्या अलीकडे एका आंब्याआड दोघांनी कपडे बदलले. हमीदमियाँ मुरूडकडचे, दाढीला मेंदी लावणारे, इभ्रतीला जपणारे. दुसऱ्या कोणासाठी त्यांनी तो तेलकट सदरा हातातसुद्धा धरला नसता. पण दोन वर्षांपासून त्यांना जवळचे दिसेनासे झाले होते. अर्ध्या कोसावरची घार दिसे, हातातले नाणे दिसत नसे. शेठला हे कळू नये म्हणून पेट्रोलचा काटा कोंडाजी वाचायचा आणि खोकून सांगायचा, दोन खोकले म्हणजे पंपावर थांबा. त्या खोकल्यांची ही परतफेड होती. "एक दीस," हमीदमियाँ गुंड्या लावत म्हणाले होते, "आनि कोटाला डाग पडला तं तुजी चामडी."

गाडी चालवणे अवघड गेले नाही. शेठच्या गाळ्यातून गाडी आतबाहेर करता करता कोंडाजी ते कधीच शिकला होता. बेलखारला तर सगळे झकास झाले. अख्खा गाव धावला. ठमाबाईने चारही चाकांना हळदकुंकू वाहिले, गाडीपुढे नारळ फोडला, चाकांखाली लिंबे ठेवली. एवढ्या मोठ्या गाडीला दृष्टही मोठी लागणार म्हणून तिने एका लिंबात काहीतरी लोखंडाचे खुपसले, पण ते कोंडाजीने नीट पाहिले नाही. तो त्यावेळी ताठ बसण्यात गुंतला होता. मग ठमाबाई देवीचा पाट, दुसरा नारळ आणि आपला सगळा देह घेऊन मागच्या गादीवर चढली. गाडी थोडी तिच्याकडे कलली. डाव्या कोपऱ्यात काशी बसली. खारबांधावरून मैलभर जायचे, गावदेवीला नारळ द्यायचा, परत यायचे. एवढे झाले की सासूचा शब्द पुरा आणि ट्रंक मोकळी. चक्र हातात धरून आरशात काशीच्या नाकातली चमकी बघत कोंडाजी बांधावर चढला. डाव्या हाताला खाडीचा चिखल, उजव्या हाताला कापणी झालेली शेते आणि वालाचे वाफे. अर्ध्या वाटेत चाक बसले.

"अरे हमीद," कोंडाजी म्हणाला. मियाँ न लावता तो शब्द जिभेवर ठेवताना आपण वडिलांना एकेरी हाक मारतोय असे त्याला वाटले. "चाक गेलं बघ. बदल जरा."

हमीदमियाँनी पान गिळले. "जी, उस्ताद," ते म्हणाले आणि उतरले. मग गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून ते कोंडाजीच्या दारापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "कुटला?"

"मागचं. डावं."

"हां. आनि त्यो जॅक... त्यो कुटं ठेवता तुमी?"

कोंडाजीने तोंड उघडले आणि मिटले, कारण रावजीचा कान वीतभर अंतरावर होता. गेल्या शिमग्याला याच रावजीने विचारले होते की भावजी, चाक फुटले तर काय करता? आणि मांडवात दहा माणसे ऐकत होती, होळीची बोंब नुकतीच थांबली होती, कोंडाजीच्या पोटात चार पुरणपोळ्या होत्या. तो म्हणाला होता, "जॅक गाडीत कुठं असतो ते डायवरला ठाऊकच नसतं, रावजी. ठाऊक असलं तर तो डायवर कसला? ते क्लिनरचं काम. आपण खाली उतरायचं, विडी पेटवायची आणि पाठ फिरवून उभं राहायचं." हे खोटे नव्हते. हमीदमियाँ हुबेहूब असेच करीत. पंधरा वर्षांत त्यांनी जॅकला हात लावला नव्हता, आणि आता ते बॉनेट उघडून इंजिनात जॅक शोधत होते.

"भावजी," रावजी म्हणाला, "क्लिनर नवा हाय का?"

"व्हय. नवाच हाय."

"दाढी तं पिकलेली दिसते."

"पिकल्यावर लागला कामाला."

हमीदमियाँनी बॉनेटमागून एकदा डोके वर काढून कोंडाजीकडे पाहिले. ती नजर लांबची असल्यामुळे अगदी स्वच्छ होती. मग त्यांनी पायरीवरची पेटी उघडली. तीतून हवेचा पंप निघाला, शेठाणीची मोडकी छत्री निघाली, चिंचेची एक पुडी निघाली. प्रत्येक वस्तू डोळ्यांपासून हातभर लांब धरून ते बघत, मान हलवत आणि बांधावर मांडून ठेवत. बाजार मांडल्यासारखे दिसू लागले. कोंडाजी चक्रामागे बसून होता आणि त्याला आपली पाठ जाणवत होती. जॅक मागच्या गादीखाली, डाव्या कोपऱ्यात होता. काशीच्या खाली. आपली बेंबी कुठे आहे हे न चाचपता माणसाला ठाऊक असते तसे त्याला ते ठाऊक होते. गादीचा कोपरा उचलायचा, डोके खिडकीकडे करून आडवा ठेवलेला असतो, घडीचा दांडा त्याच्याशेजारी, आठवड्यातून एकदा तेलाचे बोट. ही गोष्ट मनात दाबून धरताना त्याच्या मानेच्या शिरा दुखू लागल्या. बारा वर्षांचा असताना आजीच्या उत्तरकार्यात भटजी मंत्र चुकले होते आणि तो त्याला पाठ होता, तेव्हा असेच झाले होते. त्याने एकदा खोकून पाहिले. हमीदमियाँ चमकून म्हणाले, "पेट्रोल?"

खरे तर मुंबई कोंडाजीने उताणे पडूनच पाहिली होती. बाकीच्यांना राजाबाईचा टॉवर आठवे, त्याला रस्ते आठवत. चौपाटीचे डांबर उन्हात पाठीला चिकटते आणि उठताना सदऱ्याचा आवाज होतो. भायखळ्याला दगड आहेत, त्यातला एक बरोबर माकडहाडाखाली येतो. मलबार हिलच्या उतारावर पाठ गार राहते, कारण वरून कोणाच्या तरी बागेचे पाणी झिरपते. गाडीखाली गेले की शहर बंद होई. वर आस, स्प्रिंगा, काळे तेल, एक ओळखीचा गरम वास, आणि बाजूने लोकांचे नुसते पाय. त्या पायांना वाटायचे की खाली कोणी नाही. तिथे कोंडाजीला कोणी काही विचारत नसे आणि तोही कोणाचा कोणी नसे, ना ड्रायव्हर, ना क्लिनर. एकदा तर चाक लावून झाल्यावरही तो थोडा वेळ तसाच पडून राहिला होता, आणि हमीदमियाँनी बुटाने त्याच्या पायाला हलवून विचारले होते, "कोंड्या, जिता हाय ना?"

त्याने आरशात पाहिले. काशी त्याच्याकडे बघत नव्हती. ती खाली, आपल्या मांडीशेजारी, गादी आणि लाकडाच्या फटीकडे बघत होती. त्या फटीतून हिरव्या कापडाचे टोक बाहेर आले होते. हिरवे, आणि त्याला तांबडा काठ.

कोंडाजीला वाटले, आता बांध खचला तर बरे.

लग्नानंतरच्या दुसऱ्या खेपेला मुंबईला परत जाताना त्याने परसातल्या दोरीवरून तिचे जुने लुगडे उचलले होते. मागायला लाज वाटली. नवरा झाला म्हणून काय, बायकोचे फाटके लुगडे कशाला हवे असे कोणी विचारले असते तर काय सांगणार होता? मुंबईत तेव्हा त्याला खोली नव्हती, गाळ्याबाहेरच्या बाकावर तो झोपे. स्वतःची अशी जागा म्हणजे शेठच्या गाडीतला गादीखालचा तेवढा कोपरा. तिथे दुसऱ्या कोणाचा हात जात नसे. म्हणून लुगडे तिथे गेले, आणि तिथे नुसते ठेवणे बरे दिसेना म्हणून त्याने ते जॅकला गुंडाळले. नऊ वर्षांत जॅकला गंज म्हणून चढला नाही. इकडे बेलखारला मात्र काशीने शेजारीण तुळशी हिच्यावर चोरीचा आळ घेतला. दोघींचे बोलणे बंद झाले. दर गणपतीत कोंडाजी ते भांडण ऐके, पुढ्यातल्या मोदकावर तूप घाली आणि गप्प बसे.

काशी खाली उतरली. पदर खोचून तिने गादीचा कोपरा उचलला, हात आत घातला आणि ते काळे, जड धूड हिरव्या कापडासकट बाहेर काढले. "ह्येच का?" तिने हमीदमियाँना विचारले.

"ह्येच! ह्येच!" हमीदमियाँ आनंदाने म्हणाले. काशीने कापड सोडवून खांद्यावर टाकले. मग तिने कोंडाजीच्या मानेकडे पाहिले. ते त्याने बघितले नाही, पण कानाच्या पाळ्या तापल्या त्यावरून त्याला समजले.

"मामी," तो आवाजात बटणे लावून सासूला म्हणाला, "तुमी जरा खाली उतरता का? वजन कमी व्हईल."

"मी?" ठमाबाई म्हणाली. "नारळ फुटायच्या आदी मी उतरायची न्हाय. अर्ध्या वाटेत उतरली तं शकून मोडला. तुमचं काय ते चालू द्या."

हमीदमियाँनी जॅक उलटासुलटा करून पाहिला आणि पायरीखाली, जिथे जागा दिसली तिथे, भुसभुशीत मातीवर उभा केला. दांडा उलटा घातला. तो पडला. सरळ घातला आणि उलटा फिरवला. कोंडाजीचे हात चक्रावर आपोआप उजवीकडे फिरू लागले, जणू तसे केल्याने खाली दांडा फिरणार होता. मनातल्या मनात तो ओरडत होता. आसाखाली मियाँ, आसाखाली, पायरीखाली नव्हे. खाली फळी घाला. आणि दगड, पुढच्या चाकांना दगड, आधी दगड, मग बाकीचे जग. हमीदमियाँना जवळचे दिसत नव्हते आणि मनातले ऐकू येत नव्हते. त्यांना दांड्याची दिशा सापडली आणि ते जोराने फिरवू लागले. गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जाऊ लागला. काल अमावस्येच्या उधाणाने बांध पाणी प्यायला होता. पायरी कुरकुरली. जॅकने मान वाकडी केली. आणि कोंडाजीला बुडाखाली, हमीदमियाँच्या कोटाखाली, अगदी बारीक, केसाएवढी हालचाल जाणवली. गाडी डाव्या अंगाला निघाली होती. डाव्या अंगाला खाडी होती. मागे ठमाबाई मांडीवर नारळ घेऊन बसली होती.

निर्णय डोक्यावर सोपवला असता तर त्याने अजून विचार केला असता. तो पाठीने घेतला.

"मियाँ, सोडा ते! बाजूला व्हा!" तो गाडीतून उडी मारून ओरडला. टोपी पडली. "रावजी, खांदा लाव! ह्या अंगाने! काशे, दगड आण, पाण्याकडच्या बाजूला हाईत, मोठे दोन! मामी, पाट द्या!"

"देवीचा पाट?"

"द्या म्हनतो ना!"

तीस वर्षांत ठमाबाईशी असे कोणी बोलले नव्हते. तिने पाट दिला. रावजीने खांदा लावला. काशी ओटीत दोन दगड घेऊन धावत आली आणि न विचारता ते पुढच्या चाकांखाली सारले, एक इकडून, एक तिकडून, अगदी घट्ट. कोंडाजी पांढऱ्या कोटासकट चिखलात उताणा पडला आणि गाडीखाली सरकला.

आणि सगळे बंद झाले. वर आस, स्प्रिंगा, ओळखीचा गरम वास. आज त्यात खाऱ्या चिखलाचा वास मिसळला होता, लहानपणीचा, चिंबोऱ्या धरायला जायचा. मुंबईच्या गाडीखाली बेलखारचा वास. दोन वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेली माणसे अचानक एका पंगतीला बसावीत तसे त्याला झाले. एक निवटा मासा चिखलातून डोळे वर काढून त्याच्याकडे बघत होता. बाजूने पाय दिसत होते. रावजीचे भेगाळलेले, हमीदमियाँचे बूट, आणि जोडव्यांचे दोन पाय, जे सारखे थोडे पुढे येत आणि थांबत. पाठीखालची माती मऊ होती. अकरा वर्षांत इतकी मऊ जागा कधी मिळाली नव्हती. त्याने पाट दाबून बसवला, जॅक पाटावर, डोके आसाला, दांडा खाचेत, आणि बाहेर सरकून तो गुडघ्यावर बसून दांडा फिरवू लागला, सावकाश, एका लयीत, जसे जाते फिरवतात. गाडी एक बोट वर आली. दोन बोटे.

"अगं बया!" आतून ठमाबाईचा आवाज आला. "काशे, मी वर चालले!"

तीन बोटे. चार. चाक मातीपासून सुटले. दोन्ही हातांनी गादी धरून, डोळे मोठे करून, ठमाबाई खाडीपलीकडे बघत होती, जिथले तिला आता चार बोटे जास्त दिसत होते.

कोंडाजीने नट काढले, चाक उतरवले, स्टेपनी चढवली. एक विडी ओढून व्हायच्या आत. हमीदमियाँ आपल्या कोटाच्या पाठीकडे बघत होते. तिच्यावर बेलखारची अर्धी खाडी होती. कोटाला डाग पडला असे म्हणायची सोय उरली नव्हती. रावजीने उतरवलेले चाक उभे केले आणि म्हणाला, "ह्ये काय?" टायरात होडीचा वीतभर खिळा शिरला होता, आणि त्याच्या मुळाशी चेंदलेल्या लिंबाची साल.

"बघा!" ठमाबाई वरून म्हणाली. "केवढी दिष्ट व्हती! चाकावर निभावली. मी साधी सुई टोचली असती तं गाडीच गेली असती."

रावजीला मात्र दुसरेच सुचले. त्याने मेहुण्याच्या पाठीकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. "आये, मी म्हटलं न्हवतं? हीच पाठ! चैतात पुसत व्हती ती हीच!"

"नाय नाय," हमीदमियाँ घाईने म्हणाले, "ह्ये आमचे उस्ताद, मी तं..."

"मियाँ, ऱ्हाऊ द्या," कोंडाजी म्हणाला. त्याच्या हातात पाना होता आणि हात काळे होते. हात काळे असले की त्याला खोटे बोलता येत नसे. हे त्याला आजच कळले. "व्हय, मामी. मी क्लिनर हाय. डायवर ह्ये. कोट ह्यांचा, टोपी ह्यांची. मी गाडी पुसतो. चाक बदलतो." भिंतीतली दुसरी खुंटी त्याला स्पष्ट दिसली, आणि मग तीही दिसेनाशी झाली.

ठमाबाईने वरून त्याच्या काळ्या हातांकडे पाहिले, मग रावजीकडे. गाडी अजून जॅकवर होती.

"रावज्या," ती म्हणाली, "तू बैलगाडी हाकतोस का न्हाय?"

"हाकतो."

"आषाढात मला कुरडूसच्या बाजाराला नेलीस, गाडी रुतली, तवा काय केलंस?"

"चार माणसं बोलावली."

"आनि मला?"

रावजी खाली बघू लागला. "तुला उतरवली."

"चिखलात! गुडघाभर! आनि ह्यानं उतरवली का मला? एकट्यानं, सासूसकट उचलली. हाकणारे काय धा मिळतील. मघापासून मी बघतेय, ह्यो पुढं नुसता बसलाय. चक्र धरून बसतोय आनि बोट हलवतोय. मला वाटलं, बसायचा पगार देतात का मुंबईला? माझी पोर बसणाऱ्याच्या घरी देऊन काय करू?" तिने नारळ दुसऱ्या मांडीवर घेतला. "आता कळलं काम काय करतो ते. असं आदी सांगायला काय झालं व्हतं?"

नऊ वर्षे, कोंडाजीच्या मनात आले. पोहे, खोबरे, टोपी. त्याला हसावे की रडावे हे ठरवता येईना, म्हणून त्याने शेवटचा नट पुन्हा एकदा आवळला. मग जॅक हळूहळू उतरवला, पाट पुसून परत दिला, जॅकची माती झाडली आणि सवयीने कापडासाठी हात मागे केला. हातावर काही आले नाही. काशी उभी होती. ते हिरवे कापड तिने घडी करून काखेत धरले होते.

"ह्ये मी घेते," ती म्हणाली. "काठ अजून धड हाय. गोधडीला लागंल."

"जॅकला गुंडाळायला लागतं," कोंडाजी म्हणाला.

"तुळशीला दाखवायचंय. नऊ वरसं मी तिला चोर म्हंते. संध्याकाळी तिच्या दारात जाऊन काय तोंडानं बोलू त्ये बी सांगा." तिने चमकी पुसली, किंवा नाक पुसले. "तुमच्या जॅकाला दुसरं आणीन."

"कवा?"

"सोमवारच्या बोटीनं. ट्रंकेत सगळ्यात वर घालते, म्हंजे सापडंल."

लांबून, धरमतरच्या बाजूने, बोटीचा भोंगा वाजला. हमीदमियाँ धावत चक्रामागे जाऊन बसले, काशी आपल्या कोपऱ्यात बसली, रावजी पायरीवर चढला, या खेपेला डाव्या, क्लिनरच्या पायरीवर. कोंडाजीने गादीचा कोपरा उचलून उघडा जॅक आत ठेवायला हात घातला. तेवढ्यात ठमाबाई पुढे वाकली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, म्हणजे पलीकडच्या वाफ्यात वाल तोडणाऱ्या बाईने मान वर केली एवढ्याच आवाजात, म्हणाली,

"जावयबापू, आणखी एकदा उचला की."

कोंडाजीने हमीदमियाँकडे पाहिले. शेठची आत्या बंदरात उतरत होती. हमीदमियाँनी कपाळाला हात लावला, मग खाली उतरून विडी पेटवली आणि पाठ फिरवून बगळ्याकडे बघत उभे राहिले.

"मामी," कोंडाजी म्हणाला, "पाट द्या."